'आमी कुठं गेलो?'

गेल्या रविवारची गोष्ट. आमच्या चांद्याच्या घरात ओसरीवर पुस्तकांचं एक कपाट आहे, हे तुम्हाला या सदरातून ठाऊक आहेच. रविवारी सकाळी गावातली आणि आजूबाजूच्या नव्या सोसायट्यांमधली मुलं येतात. वाचलेलं पुस्तक परत करतात, नवं नेतात आणि जाता जाता चिवड्याचा डबाही हलका करून जातात. कपाटाचा नियम एकच : पुस्तक परत करताना त्याच्याबद्दल आपलं मत सांगायचं. 'छान आहे' हे मत धरलं जात नाही!

तर परवा आठवीतली एक मुलगी आली. तिनं एका थोर पुरुषाचं चरित्र नेलं होतं. (कोणाचं ते सांगत नाही, उगाच भांडण नको!) पुस्तक माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, "काका, मला हे पुस्तक खोटं वाटलं."

मी चमकलोच. "खोटं? अगं, चरित्र आहे ते. कादंबरी नाही."

"म्हणून तर म्हणते! यातला माणूस जन्मल्यापासून एकदाही चुकत नाही. लहानपणी खोटं बोलत नाही, आळस करत नाही, कुणावर उगाच चिडत नाही. असा मुलगा आमच्या वर्गात तरी कुणी नाही."

तिच्या मागे गावातलाच एक नववीतला मुलगा उभा होता. त्यानंही हात धुऊन घेतले. "आणि इतिहासाच्या पुस्तकांत नुसत्या सनावळ्या! काका, त्यापेक्षा भुताच्या गोष्टी द्या."

आता आली का पंचाईत? मी पडलो खऱ्या पुस्तकांचा वेडा. इतिहास, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन दिसलं की माझी भूक हरपते. पण खरं सांगू का, त्या दोघांचंही म्हणणं मला पटलं. त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगतो. मात्र आधी माझी स्वतःची एक फजिती ऐका.

भाषण झालं, टाळ्या पडल्या, पण...

1984 साल. मी आठवीत होतो. 15 ऑगस्टला शाळेत भाषणं व्हायची. मी विषय घेतला 'सेनापती बापट'. आपल्या मुळशी तालुक्याशी नातं असलेला माणूस, म्हटल्यावर टाळ्या नक्की! वाचनालयातून एक पातळसं पुस्तक आणलं आणि घडाघडा पाठ केलं.

पांडुरंग महादेव बापट. जन्म 12 नोव्हेंबर 1880, पारनेर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण. शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडच्याही पलीकडे, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला गेले. परदेशातून शिकून आले काय, तर बाँब कसे करतात ते! पुढे मुळशीत धरण होणार म्हणून शेतकरी लढायला उभे राहिले, तेव्हा बापट त्यांचे पुढारी झाले. त्या लढ्यातच लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. तुरुंगवास झाला, तरी मागे हटले नाहीत. आणि 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. इथे मी हात उंच केला. टाळ्यांचा कडकडाट! बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं. मी हवेत.

कार्यक्रम संपला. पिंपळाखाली गावातले एक आजोबा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, डोक्याला मुंडासं, हातात काठी. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "भाषान झ्याक केलंस पोरा. बापटसायेब तुरुंगात गेलं, ते सांगितलंस. पर आमी कुठं गेलो? त्ये तुज्या पुस्तकात न्हाय व्हय?"

मला काही कळेना. "आम्ही म्हणजे कोण, आजोबा?"

"आमी म्हंजी आमी! ज्यांचं गाव पान्यात गेलं त्ये."

मी घरी येऊन ते पुस्तक पुन्हा चाळलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बापट होते, इंग्रज सरकार होतं, तुरुंग होता. गावकरी होते ते 'हजारो शेतकरी' या दोन शब्दांत. त्या दोन शब्दांत माझे आजोबा कुठे तरी होते. आठ वर्षांचे, आईचा पदर धरून चाललेले. पण पुस्तकात ते दिसत नव्हते.

पेन माझ्या खिशात होतं, पण त्या दिवशी ते मला जड वाटलं.

मुळशीत झालं तरी काय होतं?

ज्यांना हे माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुळा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेला पुण्याकडे वाहत येते. मुळशीजवळ नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाच्या भागात धरण बांधायचं टाटांच्या वीज कंपनीनं ठरवलं. या धरणातली युक्ती मोठी अजब आहे. पूर्वेला जाणारं पाणी अडवायचं आणि बोगद्यातून, मोठमोठ्या नळांतून उलट पश्चिमेला कोकणात सोडायचं. सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली पडणाऱ्या पाण्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. रायगड जिल्ह्यातलं भिरा इथलं हे वीज केंद्र 1927 मध्ये सुरू झालं. तुमच्यापैकी कुणी कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग केलं असेल, तर ज्या पाण्यात तुम्ही किंचाळलात ना, ते भिऱ्याहून सोडलेलं पाणी असतं. म्हणजे आमच्या मुळशीचंच!

पण धरणाच्या पोटात गावं होती. सुमारे 50 गावं आणि 11 हजारांच्या आसपास माणसं. भाताची खाचरं, देवळं, विहिरी, चिंचेची झाडं. सरकारच्या हातात 1894 चा भूसंपादन कायदा होता. त्या कायद्यानं जमीन घेताना मालकाला 'देतोस का?' असं विचारावं लागत नसे, फक्त 'किती देऊ?' एवढंच ठरायचं.

16 एप्रिल 1921. रामनवमीचा दिवस. सुमारे 1200 मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. हातात शस्त्र नाही. घोषणा एकच : जान किंवा जमीन. काम थांबलं! काही महिने थांबलंही. पण नंतर पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका, पुन्हा तुरुंग. 1924 च्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह कामावरची रेल्वे अडवली, तीही शस्त्र हातात घेऊन. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवलं गेलं. लढा संपला. धरण झालं.

माझ्या पातळ पुस्तकात एवढंच होतं. थोर माणूस लढला, इंग्रजांनी दडपलं, समाप्त.

दहा वर्षांनी सापडलेलं पुस्तक

1994 मध्ये मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळत होतो. तिथे राजेंद्र व्होरा यांचं 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक दिसलं. नुकतंच आलं होतं. व्होरा हे पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. मी ते घेतलं आणि पुढचे दोन दिवस दुसरं काही केलं नाही.

त्यात काय होतं? माझ्या पातळ पुस्तकात जे नव्हतं, नेमकं ते. मुळशीतली पुष्कळशी जमीन कागदावर कसणाऱ्यांच्या नावावर नव्हतीच! ती होती सावकारांच्या नावावर. त्यातले बरेच पुण्यात राहायचे. मावळे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसायचे, पण कुळं म्हणून. आता विचार करा. जमीन बुडणार असेल तर सावकाराला काय हवं? चांगला भाव. आणि कुळाला काय हवं? जमीन. कारण मोबदला ज्याचं नाव कागदावर त्यालाच. सुरुवातीला दोघं एका बाजूला होते. मग भाव वाढतोय म्हटल्यावर सावकारांची पावलं दुसरीकडे वळली. लढा नुसत्या लाठीनं मोडला नाही, आतूनही उसवला.

हे वाचलं आणि दहा वर्षांपूर्वीचा तो प्रश्न डोक्यात लख्खकन उजळला. 'आमी कुठं गेलो?' ज्याचं नाव कागदावर नव्हतं, तो कुठे जाणार?

पुस्तक घेऊन मी गावी आलो. ठरवलं होतं, आजोबांना वाचून दाखवायचं. पण ते तीन वर्षांपूर्वीच गेले होते. मी शिक्षणासाठी बाहेर, मला कुणी कळवलंही नव्हतं. आणि कळवावं असं मी त्यांचं कोण होतो?

माझ्याकडचं एक पान

खरी फजिती तर पुढेच आहे. 1984 च्या त्या 15 ऑगस्टनंतर मी आजोबांकडे गेलो होतो बरं का! एक वही घेऊन. ते बोलत होते, मी लिहीत होतो. एक पान भरलं. मग चाचणी परीक्षा आली, मग दिवाळी, मग क्रिकेट. दुसरं पान कधी लिहिलंच नाही.

ते एक पान आजही माझ्याकडे आहे. अक्षर अगदी गचाळ. त्यावर असं लिहिलंय : आजोबांच्या आईनं निघताना देव टोपलीत घेतले. भाताचं बी गाडग्यात घेतलं. जातं जड म्हणून तिथंच राहिलं, पण त्याचा खुंटा मात्र तिनं काढून घेतला. चालत आले. चांद्यात आजोबांच्या मामाचं घर, त्या आधारानं राहिले. खाली त्यांच्या गावातल्या शेतांची तीन नावं आहेत. चौथं नाव लिहिता लिहिता सोडलंय, नुसतं 'वा' एवढं अक्षर आहे. वावर? वाघजाई? कुणास ठाऊक. सांगणारा राहिला नाही.

आता याच पानावर आणखी एक वाक्य आहे. आजोबा म्हणाले होते, "जमशेटजी टाटांनी धरान बांदलं." मी तसंच लिहून घेतलं. पुढे कळलं की जमशेटजी टाटा 1904 मध्येच वारले. पाण्यावर वीज करायचं स्वप्न त्यांचं होतं हे खरं, पण मुळशीच्या वेळी टाटांचा कारभार त्यांचे चिरंजीव दोराबजी पाहत होते. म्हणजे आजोबा चुकले. आणि ते असंही म्हणाले होते की, "येका बी मान्सानं पैका घेतला न्हाय." तेही बरोबर नव्हतं. काहींनी घेतला होता.

मग आजोबा खोटारडे का? छे! माणसाची आठवण अशीच असते. नाव विसरते, साल चुकते, पण जात्याचा खुंटा विसरत नाही. पुस्तकाला जमशेटजी आणि दोराबजी यांतला फरक कळतो, पण खुंट्याची गोष्ट त्याला कुणीतरी सांगावी लागते. म्हणून माझं मत असं : ज्येष्ठांचं बोलणं पुस्तकाशी ताडून पाहा आणि पुस्तक ज्येष्ठांच्या बोलण्याशी ताडून पाहा. दोघांनाही राग यायचं कारण नाही.

पुस्तकाला विचारायचे चार प्रश्न

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुठलंही 'खरं' पुस्तक हातात आलं की मी त्याला चार प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून बघा.

पहिला प्रश्न : तुला हे कसं कळलं? आमच्या कपाटात विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी आहे, आणि शेजारीच त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : 1761' हा इतिहासाचा ग्रंथ. मुलं कादंबरीवर तुटून पडतात, मीही पडलो होतो. पण लक्षात ठेवा, 14 जानेवारी 1761 च्या आदल्या रात्री सदाशिवरावभाऊंच्या मनात काय चाललं होतं, ते कादंबरीकार लिहू शकतो. इतिहासकाराला तशी मुभा नाही. त्याला पत्र दाखवावं लागतं, कागद दाखवावा लागतो. माझं ऐकाल तर कादंबरी आधी वाचा, तहान लागू द्या. मग इतिहासाकडे जा. पण परीक्षेत किंवा भांडणात कादंबरीतलं वाक्य पुरावा म्हणून फेकू नका. मी एकदा फेकलं होतं आणि तोंडावर आपटलो होतो!

दुसरा प्रश्न : तू कुठे उभा राहून सांगतोस? मुळशीवर विनायकराव भुस्कुटे यांनीही पुस्तक लिहिलं आहे. ते स्वतः सत्याग्रहात होते. व्होरांनी लिहिलं ते सत्तर-एक वर्षांनंतर, कागदपत्रं धुंडाळून. एक जण लढ्याच्या आतून बोलतो, दुसरा दुरून. आतल्याला धग जाणवते, दुरच्याला सगळा डोंगर दिसतो. कुणाचं वाचायचं? दोघांचं!

याचं आणखी एक गमतीदार उदाहरण म्हणजे 'माझा प्रवास'. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हे भटजी झाशीतच! लूटमार, उपासमार, पळापळ सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. लिहिलं पुढे बऱ्याच वर्षांनी. ते पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापलं, पण त्यात त्यांनी काटछाट केली, फेरफार केले. राज्य इंग्रजांचं होतं, हे विसरू नका. गोडसे भटजींचं मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी छापलं ते 1966 मध्ये. म्हणजे एकच माणूस, एकच प्रवास, पण पुस्तकं दोन! तेव्हा जुनं पुस्तक हातात घेताना आवृत्ती कोणती, ती कुणी तयार केली, हे पहिल्या दोन पानांवर पाहत जा. ती पानं कंटाळवाणी वाटतात, पण चोर बहुधा तिथंच सापडतो.

तिसरा प्रश्न : तुझा माणूस कुठे चुकला? आता आमच्या आठवीतल्या ताईचा मुद्दा. न चुकणाऱ्या माणसाचं चरित्र वाचून आपण फक्त हात जोडतो, शिकत काही नाही. मला आवडतात ती चरित्रं अशी नसतात. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. 1934 पासून भागाभागांनी आलेलं हे आत्मचरित्र. शाळा जेमतेम पाहिलेली बाई, पण काय लिहिलंय! नवऱ्याचा तापट स्वभाव, स्वतःचं वेंधळेपण, सोवळंओवळं, भांडणं, सगळं सांगून टाकलंय, आणि तेही हसत हसत. पुस्तक मिटताना टिळकही मोठे वाटतात आणि लक्ष्मीबाई त्याहून.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' तर आमच्या कपाटातलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक. 1981 मध्ये आलं, अजून कुणी ना कुणी नेतंच. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकतो काय, शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगतो काय, सगळंच विलक्षण. मला ते पुस्तक मनापासून आवडतं. पण कार्व्हरबद्दल एक दंतकथा जगभर सांगतात, की पीनट बटर त्यानंच शोधलं. ते खरं नाही, ते त्याच्या आधीपासून होतं. मग कार्व्हर लहान झाला का? मुळीच नाही. शेंगदाण्यापासून कितीतरी वस्तू करून दाखवणारा, कंगाल शेतकऱ्यांना मातीचा कस कसा राखायचा ते शिकवणारा माणूस एका बटरमुळे लहान होत नाही. खरा मोठा माणूस दंतकथा काढून घेतल्यावरही उभा राहतो. जो पडतो, तो दंतकथेच्याच टेकूवर होता असं समजा.

आणि चौथा प्रश्न : कोण सुटलं? हा प्रश्न मला आजोबांनी दिला. शाईच्या पेनापेक्षा मोठं बक्षीस. राजाचं चरित्र असेल तर त्याच्या घोड्याला खरारा कोण करायचं? किल्ल्याच्या गोष्टीत दगड कुणी वाहिले? पुढाऱ्याच्या गोष्टीत घरी चूल कुणी पेटवली? दर वेळी उत्तर मिळेलच असं नाही. पण प्रश्न विचारला की त्या पानावरची मोकळी जागा दिसायला लागते.

आवडत्या पुस्तकालाही हे प्रश्न विचारायचे बरं का! व्होरांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर 2009 मध्ये आलं. त्याच्या नावातच मुळशीला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. वाचून माझी छाती फुगली. आपली मुळशी जगात पहिली! मग म्हटलं, थांब, प्रश्न विचार. शोधलं तर अमेरिकेत हेच हेची नावाची एक सुंदर दरी सापडली. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी तिथे धरण होऊ नये म्हणून जॉन म्यूर आणि त्यांचे सोबती 1913 पर्यंत झगडले होते. हरले. म्हणजे ते आपल्याआधीचे. पण एक फरक आहे. ते लढले दरीच्या सौंदर्यासाठी, आणि मुळशीचे लोक लढले स्वतःच्या घरासाठी, भाकरीसाठी. म्हणून मी आता 'पहिलं' म्हणताना जरा जपून म्हणतो : धरणात ज्यांचं घरदार जाणार, अशा शेतकऱ्यांच्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक. वाक्य लांबलं, रुबाब थोडा कमी झाला, पण झोप चांगली लागते!

तसंच बुडालेल्या गावांच्या आकड्याचं. पुस्तकागणिक तो दोन-चारनं बदलतो. कुणीतरी खोटं बोलतंय का? तसं नसावं. अख्खं गाव बुडालं तर मोजायचं हे ठीक, पण ज्याची फक्त शेतं बुडाली, घरं वर राहिली, ते गाव मोजायचं की नाही? मोजणाऱ्यानं काय ठरवलं त्यावर आकडा ठरतो. बघा, सनावळ्या आणि आकडे यांतही केवढी गोष्ट दडलेली असते!

मग ती दोघं काय म्हणाली?

मी हे सगळं सांगत होतो तोवर चिवडा संपला होता. आठवीतली ताई गप्प होती. मग एकदम म्हणाली, "काका, आम्ही चांद्यात राहायला आलो त्याला तीनच वर्षं झाली. आमची बिल्डिंग आहे ना, तिच्या जागेवर आधी काय होतं?"

मी उत्तर देणार इतक्यात नववीतला मुलगा म्हणाला, "आमचं खाचर."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. ती गोंधळून म्हणाली, "म्हणजे... तुमचं घेतलं?"

"घेतलं नाय गं. विकलं. आज्यानं विकलं. पैसे मिळाले की, घर बांधलं." मग जरा थांबून तो म्हणाला, "पर आजी अजून त्या रस्त्यानं जात नाय."

"त्या खाचराला नाव होतं?"

तो डोकं खाजवायला लागला. "होतं कायतरी. आजीला ठाऊक."

"मग विचार ना!" ती म्हणाली. "मला माझ्या घराचा पत्ता पूर्ण लिहायचाय."

दोस्तांनो, मुळशीत बुडालं ते पाण्याखाली, आणि जबरदस्तीनं. इथे जातंय ते सिमेंटखाली, आणि बहुतेकदा राजीखुशीनं, रोख मोजून. दोन्ही एक नाहीत, आणि त्यांना एक म्हणणं हाही खोटा इतिहासच. पण शेताचं नाव विसरलं जाणं मात्र दोन्हीकडे सारखंच. आंबेमोहोराचा वास यायचा त्या बांधांवरून रात्री आता हिंजवडीकडचे दिवे दिसतात. चांगलं का वाईट, ते तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. पण ठरवायला आधी काय होतं ते माहीत तर हवं! आणि ते लिहायला पुण्याहून कुणी प्राध्यापक येतील म्हणून वाट बघू नका. येतील, पण सत्तर वर्षांनी. तोवर सांगणारं कुणी उरत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

ताईनं कपाटातून 'स्मृतिचित्रे' नेलं. आणि भुताच्या गोष्टी मागणाऱ्या पठ्ठ्यानं काय नेलं असेल? 'माझा प्रवास'! झाशीचा वेढा म्हटल्यावर त्याचे डोळे चमकलेच होते. शिवाय जाताना त्यानं माझ्याकडून एक कोरी वहीही मागून नेली.

या आठवड्याचा उद्योग

घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांना एकच विचारा : "तुम्ही लहानपणी राहायचात, तिथल्या शेतांची, वाटांची, विहिरींची नावं सांगा." शहरात असाल तर वाड्यांची, गल्ल्यांची, चाळींची विचारा. त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. खाली तारीख घाला आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. नंतर त्यातली एक तरी गोष्ट पुस्तकात किंवा जुन्या कागदात ताडून पाहा. जुळली नाही तरी खोडू नका, शेजारी लिहून ठेवा.

आणि हो, एका पानावर थांबू नका. दुसरं पान त्याच दिवशी लिहा. चाचणी परीक्षा दर वर्षी येते.

तुमचा,
कपाटवाला काका
चांदे, ता. मुळशी